सातव्या प्रश्नाचं उत्तर

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, ता. १० जानेवारी १९५४

अक्का, जयजिनेंद्र.

दिवाळीच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. तुला इस्पितळात नेलं त्या सकाळी मी बस्तीत भगवंतांच्या दर्शनाला गेले होते आणि परत येईपर्यंत मोटार निघून गेली होती, असं मी लिहिलं होतं. तसं झालं नाही. मी घरातच होते. तुझी वेणी मी घातली. आपण बाहुबलीच्या डोंगराला जाणार आहोत, असं तुला मीच सांगितलं. देवापुढे ठेवायला तू रुमालात मूठभर तांदूळ बांधलेस, गाठ बसेना, तर तीही मीच मारून दिली. मग दादा पुढे बसला आणि मी दार लावून घेतलं. मोटार हातकणंगल्याच्या रस्त्याला न लागता घाटाकडे वळली तेव्हा तुझ्या लक्षात आलं असेल. तू तेव्हा काय म्हणालीस ते दादाने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तीन वर्षांत तुला मी अकरा पत्रं लिहिली. त्यांत अव्वाची तब्येत आहे, गुळाचे सौदे आहेत, कुणाकुणाची लग्नं आहेत. एकाचंही उत्तर आलं नाही. पत्रं तुझ्या हातात देतात की नाही, हेही मला ठाऊक नाही. तरी खोटं लिहिलेलं तसंच राहू देणं बरं नाही, म्हणून आज बसले.

घरचं ठीक आहे. अव्वाचे गुडघे धरतात. दादा दिवसभर अडतीत असतो. मी आता थोडं काम करते. आपल्या मागच्या गल्लीतले यज्ञेश्वर मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर एका स्टुडिओसाठी चित्रपटांचे संवाद लिहितात. त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नाही, म्हणून शुद्ध प्रत मी करून देते. आप्पांनी ओसरीवर पाटी धरून आपल्याला अक्षर वळवायला लावलं, त्याचा असा उपयोग झाला. हल्ली संवाद जागच्या जागी बदलतात, त्यामुळे दुपारी स्टुडिओतही जावं लागतं. मास्तरीणबाई बरोबर असतात. दादाला हे आवडलेलं नाही, पण मास्तर आप्पांचे स्नेही, म्हणून तो गप्प आहे.

आता जे काम चालू आहे त्याची गोष्ट तुला लिहावी की लिहू नये, याचा मी आठ दिवस विचार केला. वेड्यांच्या इस्पितळातल्या तरुण मुलींची गोष्ट आहे. बारा खाटा मांडल्या आहेत. खिडक्यांना लाकडाचे गज बसवून त्यांना काळा रंग दिला आहे. गावातल्या मुली रोजावर आणून त्यांचे केस मोकळे सोडले आहेत. डायरेक्टर म्हणाले, केस सोडले की अर्धं काम झालं. तू गेलीस तेव्हा तुझी वेणी इतकी नीट बसली होती की अव्वा म्हणाली, आज माझी जिनमती पहिल्यासारखी दिसतेय.

चंदना


रविवार, ता. ७ फेब्रुवारी १९५४

अक्का,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहीत आहे. झालं त्या क्रमाने लिहिते.

चित्रपटात एक मुलगी जेवत नाही आणि तिला नळीने दूध पाजतात, असा एक प्रवेश आहे. तो खरा दिसावा म्हणून डायरेक्टरांनी बनाबाई नावाच्या एका बाईंना बोलावून आणलं. त्या तुमच्याच इस्पितळात वीस वर्षं आया होत्या. गेल्या दिवाळीत नोकरी सोडून करवीरात लेकीकडे राहायला आल्या आहेत. तू त्यांना ओळखत असशील. उंच, कपाळावर गोंदण.

बुधवारी त्यांनी सगळ्यांना उभं करून शिकवलं. "तसं न्हवं ओ. चौघींनी धरायचं. एकीनं डोस्कं, एकीनं पाय, दोघी हाताला. आन् नळी तोंडातनं न्हाय, नाकातनं जाती."

डायरेक्टर म्हणाले, "नाकातून नको बाई. पब्लिक उठून जाईल."

ती मुलगी होणाऱ्या नटीचं नाव श्यामला. मंगळवार पेठेतली आहे, तोंडाची फटकळ पण मनाची चांगली. ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "माझ्या नाकात घालून बगा, पब्लिकच्या आदी मीच उठून जातो."

सगळे हसले. मीही हसले. हे लिहिलंच पाहिजे.

मग एका भांड्यात दूध आणलं. बनाबाई म्हणाल्या, "त्यात अंडं फोडून फेटा. नुसतं दूध फोटूत पान्यावानी दिसंल." तसं केलं. तुझ्याकडच्या भांड्यात काय असतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

दिवे लावायला वेळ होता म्हणून चहा झाला. श्यामलाने सहज विचारलं, "काय ओ मावशी, खरंच अशा पोरी असत्यात? भूक लागत न्हाय व्हय त्यास्नी?"

"लागती की. आमच्याकडं हीच तुमच्या कोल्लापूरची एक हाय. तीन वरसं झाली. सकाळी गपगुमान भाकरी खाती, ताट धुऊन ठेवती, कामाला हात लावती. आन् सांजच्याला दिवे लागल्यावर ताट आलं की तोंड मिटून बसती. मारलं तरी उगडत न्हाय. मग घाला नळी."

"का म्हणं?"

"येड्याला का असतंय व्हय? म्हनती, सूर्य बुडाला की अन्नात जीव पडत्यात, मी खानार न्हाय. डागदरानं लिवून ठेवलंय, हिला अन्नात किडं दिसत्यात. बाकी शानी हाय. डागदर म्हनतो, एवढं सुटलं की तिला सोडायला हरकत न्हाय. पर सुटत न्हाय. जुनी खोड हाय, घरच्यांनीच कागदावर लिवून दिलीया." मग चहा संपवून त्या म्हणाल्या, "नाव बी कायतरी येगळंच. जिनमती. पाटलाची."

माझ्या हातात प्रत होती. ती माझी बहीण, असं मी म्हणाले नाही. बारा मुली, दिवेवाले, मास्तरीणबाई, सगळ्यांसमोर माझं तोंड उघडलं नाही. मी प्रत घेऊन मास्तरांना दाखवायला गेले आणि एका शब्दाची वेलांटी बरोबर आहे का, असं विचारलं.

अक्का, तो कागद माझ्या अक्षरात आहे. अर्जाबरोबर प्रश्नांची एक यादी होती. वकिलांच्या कचेरीत बसून ती मी भरली, कारण आपल्या घरात माझ्याइतकं कुणी तुझ्याजवळ नव्हतं. सातवा प्रश्न असा होता: रोगी नियमित अन्न घेते का? नसल्यास तपशील द्यावा. आप्पांनी शिकवलं होतं, विचारलंय तेवढंच लिहा, पदरचं घालू नका. मी लिहिलं, "सकाळी घेते. रात्री घेत नाही."

ते खरं होतं. आपल्या घरात रात्री कोण जेवतं? दुकानातला पिराजीसुद्धा आपल्याकडे असला की दिवस बुडायच्या आत पानावर बसतो. तू आजारी होतीस त्या चार महिन्यांत दुसरं सगळं विसरलीस, एवढं विसरली नाहीस. ते मला चांगलं लक्षण वाटलं होतं, आणि म्हणून मी ते मुद्दाम लिहिलं. ते का, हे लिहायला हवं, असं माझ्या मनातच आलं नाही. मासा पाण्यात राहतो हे कुणी लिहितं का, तसं.

आणखी एक आहे. धर्माच्या रकान्यात वकिलांच्या कारकुनाने आधीच "हिंदू" लिहून ठेवलं होतं. मी ते पाहिलं. पाटील आडनावावरून त्याने लिहिलं असणार. खोडायचं तर नवा कागद मागावा लागला असता, आणि मोठी माणसं बसली होती. मी सोडून दिलं. तिथे "जैन" असतं तर त्या डॉक्टरांनी निदान कुणाला तरी विचारलं असतं.

म्हणजे तू दररोज संध्याकाळी त्यांना खरं कारण सांगत होतीस, आणि ते कारणच तुझ्या आजारात धरलं जात होतं.

मी शुक्रवारी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, ज्याच्या अर्जावरून भरती झाली त्याने लेखी मागणी केली की सोडावं लागतं, मात्र डॉक्टरांनी रोगी धोकादायक आहे असं लिहून देता कामा नये. हे मला नव्यानेच कळलं. दादाशी आज उद्या बोलते.

चंदना


रविवार, ता. २१ फेब्रुवारी १९५४

अक्का,

मागच्या पत्रात दोन चुका आहेत.

पहिली. अर्ज दादाचा आहे असं तुला वाटेल, अशा रीतीने मी लिहिलं. अर्ज माझा आहे. सही माझी आहे. हुपरीच्या तुझ्या सासरच्यांनी हात वर केले होते, म्हणून अर्जात तुझं माहेरचंच नाव घातलं. दाजींनी चांदीच्या कामाची सबब सांगून कागदावर "पाहून घ्यावे" एवढंच लिहून पाठवलं. दादा म्हणाला, "भावानं सही केली की पेठ म्हणणार, बहिणीचा वाटा मारायला येडी ठरीवली. तू बहीण. तुला कोण काय म्हणतंय." मी एकोणीस पूर्ण होते, कायद्याला चालत होते.

दुसरी चूक मोठी आहे. वकिलांचं बोलणं मला नव्याने कळलं, हे खोटं. सही करताना त्यांनी मला तेच शब्द सांगितले होते. "बाळ, नीट ऐक. तुझ्याच कागदावर जातेय, तुझ्याच कागदावर परत येईल." मी मान हलवली होती. गेली तीन वर्षं कोणत्याही दिवशी मला हे करता आलं असतं. पोस्टाने करता आलं असतं. जितकी पत्रं तुला लिहिली तितक्यांपैकी एक तिकडच्या डॉक्टरांना लिहिलं असतं तरी झालं असतं.

का केलं नाही, ते लिहिते. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

तू बरी नव्हतीस, हे खरं होतं. बाळ गेल्यावर तू बोलायची थांबलीस. पहाटे उठून पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसायचीस. अव्वाने टोपडं पेटीत ठेवायला घेतलं तर तिच्या हाताला चावलीस. आम्ही घाबरलो होतो. पण त्या आठवड्यात आम्ही तुझ्यासाठी घाबरलो नव्हतो. पुढच्या रविवारी गडमुडशिंगीहून माणसं मला पाहायला येणार होती. तू तोवर घरात नसावीस, अशी घाई होती. दादाने ती बोलून दाखवली आणि मी बोलून दाखवली नाही, एवढाच आमच्यात फरक.

ती माणसं आली. ऊन असताना जेवली. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंनी विचारलं, "थोरली कुठं असती?" दादा म्हणाला, "हुपरीला, सासरी. पोराबाळात हाय." मी त्या वेळी केळीच्या शिकरणाची वाटी घेऊन उभी होते. पंधरा दिवसांनी त्यांचा नकार आला. कुणीतरी सांगितलं असणार. ते जमलं असतं तर मी तुला पत्रंसुद्धा लिहिली नसती, असं मला आता वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

त्यानंतर तुला परत आणायचं तर आधी हे सगळं मान्य करावं लागलं असतं. म्हणून मी हवापाणी लिहीत राहिले.

काल दादाशी बोलले. तो पानावर बसला होता.

"तू वकिलाकडं गेलतीस म्हणं. मला इचारलं न्हाईस."

"अर्ज माझा आहे, दादा."

"आणून ठेवायची कुठं? अडतीच्या माडीवर? जो तो इचारणार, पाटलांच्यात कोण आलंय."

अव्वा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "इचारू देत की. मी सांगतो, माझी लेक आलीया."

"तुला काय जातंय सांगायला. दुकानावर मला बसायचं असतंय."

"बस की मग. तुला कोण उठ म्हणतंय?"

मग मी दादाला सातव्या प्रश्नाचं सांगितलं. नळीचंही सांगितलं. त्याने हातातला घास पानात परत ठेवला. म्हणाला, "मी गेलतो एकदा. दुसऱ्या वर्षी. अव्वानं शेंगदाण्याचं लाडू दिलं हुतं. फाटकातनं आत जायचं झालं न्हाय. पहारेकऱ्याच्या हातात डबा दिला आन् परतीची गाडी धरली." अव्वाला हे माहीत नव्हतं. तिला तो सांगायचा की तू बरी आहेस, लाडू तुझ्यासमोर खाल्लेस.

तरीही तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. उठून हात धुतले आणि दुकानात गेला.

चित्रपटाचा शेवट मास्तरांनी मला वाचून दाखवला. धाकटी बहीण येते, वॉर्डाच्या दारात उभी राहते, "चल ताई" म्हणते आणि दोघी ऊन पडलेल्या रस्त्याने चालू लागतात. मास्तरांनी विचारलं, "कसं वाटतं, चंदनाबाई?" मी म्हणाले, "यात कागद कुठे आहे, मास्तर?" ते म्हणाले, "कसला कागद?" मी म्हणाले, चांगलं आहे. तसं मी नुसतं त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, हेही इथे नोंदवून ठेवते.

चंदना


बुधवार, ता. १० मार्च १९५४

अक्का,

या पत्रात दुरुस्त करायचं काही नाही. लिहून झाल्यावर दोनदा वाचून पाहणार आहे.

मी बनाबाईंना सांगितलं. त्यांच्या लेकीच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "जिनमती पाटील माझी बहीण आहे." त्या दळण निवडत होत्या. म्हणाल्या, "तवा का बोलली न्हाईस?" मी म्हणाले, "लाज वाटली." "तिची का सोताची?" असं विचारून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

मग मी त्यांना आपल्याकडे दिवस बुडाल्यावर का जेवत नाहीत ते समजावून सांगितलं. अव्वा जेवत नाही, दादा जेवत नाही, आमच्या बस्तीतली हजार माणसं जेवत नाहीत, असं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "डोस्कं मी धरायची, बाई. दर सांजला. ती मला म्हनायची, मावशी, पाच वाजता द्या, मी खाते. पाच वाजता. आमी म्हनायचो, हिला घड्याळ कळतंय, पर भूक कळत न्हाय." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "तुजी पत्रं तिला मिळत्यात. वाचती. घडी करून उशाखाली ठिवती. एकदा मी म्हनलं, उत्तर लिव की. तर म्हनली, लिवनाऱ्याला ठाव हाय मी कुटं हाय ते."

हे तुझे शब्द मला पोचले.

बनाबाई माझ्याबरोबर यायला तयार आहेत. डॉक्टरांपुढे उभं राहून सांगते म्हणाल्या, त्यांच्यावर ते रागावले तरी. त्यांनी सांगितलं की डॉक्टर वाईट नाहीत, सहाशे माणसांमागे एक आहेत आणि कागदावर असेल ते वाचतात. म्हणून मी कागद तयार केला आहे. पहिल्या पानावर सुटकेची मागणी आहे. दुसऱ्या पानावर १९५१ च्या निवेदनाची दुरुस्ती: धर्म जैन. प्रश्न सातवा, रोगी सूर्यास्तापूर्वी नियमित अन्न घेते, सूर्यास्तानंतर तिच्या घरातलं कुणीही घेत नाही, ही तिच्या धर्माची रीत आहे, आजार नव्हे. वकिलांनी वाचून एकच शब्द बदलला. खाली मी सही केली. साक्षीदार म्हणून दोन सह्या लागतात. एक यज्ञेश्वर मास्तरांची आहे. त्यांना आता सगळं माहीत आहे. शेवट बदलू का, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, राहू द्या, लोकांना रस्ता आवडेल.

दुसरी सही परवा रात्रीपर्यंत रिकामी होती. काल सकाळी कागद घ्यायला गेले तर तिथे कल्लाप्पा आप्पासो पाटील असं लिहिलेलं होतं. दादा दुकानात निघून गेला होता. आपण कुठे राहायचं, यावर तो अजून बोललेला नाही. माडीवरची गुळाची मोकळी पोती मात्र काल पिराजीने खाली आणून टाकली. कुणी सांगितलं, हे त्याने सांगितलं नाही.

डॉक्टर त्याच दिवशी सोडतील, असं नाही. वकील म्हणतात, चारआठ दिवस ठेवून घेऊन पाहतीलही. तसं झालं तर मी परत येणार नाही. गावात राहायची सोय बनाबाईंनी सांगितली आहे. रोज पाच वाजता तुझं ताट मी घेऊन येईन, आत सोडलं तर तुझ्यापुढे ठेवीन आणि नाही सोडलं तर फाटकावर उभी राहीन.

आणि तू माझ्याबरोबर यायला नाही म्हणालीस, तर तो तुझा हक्क आहे. तेव्हाही कागद डॉक्टरांच्या टेबलावर राहील. मग तू कुणाबरोबर जायचं आणि कुठे, ते तू ठरव. वेणी घालायला मी पुढे येणार नाही. कुठे जातोय ते तुला आधी सांगेन, आणि सांगेन तिथेच जाऊ.

सकाळी सहाची एस.टी. आहे. दोन जागा काल सांगून ठेवल्या. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही फाटकाशी पोचतो. तो दिवस सोमवार, ता. १५ मार्च.

चंदना